अंडं शिजतं, माणूस शिजत नाही

1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात चार्ल्स ब्लॅग्डेन या डॉक्टरने एक अचाट हकीकत छापली. काही मित्रांना घेऊन तो भट्टीसारख्या तापवलेल्या खोलीत जाऊन उभा राहिला होता. पारा चढत चढत 125 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला. शेजारी ठेवलेली अंडी वीसेक मिनिटांत टणक झाली, मांसाचा तुकडा भाजून कोरडा पडला. मंडळी मात्र घामाने निथळत, धडधाकट बाहेर आली.

हे कसं जमतं? सगळी करामत घामाची. एक लिटर घाम अंगावरून वाफ होऊन उडाला, की शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. न्हाणीतल्या भाणात आठ लिटर पाणी असेल, तर त्याला कढ आणायला जवळपास तेवढीच उष्णता लागते. अट एकच, हवा कोरडी हवी. फिनलंडचा सौना 80-90 अंशांवर चालतो तो याच भरवशावर.

आता मे महिन्यातलं गोव्यातलं कारापूर घ्या. थर्मामीटर बिचारा 34 दाखवतो, पण वाळवंटी नदीच्या खोऱ्यात हवा आधीच ओलीचिंब. घाम उडत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम थंडावा देत नाही, सदरा तेवढा भिजवतो. वाफेच्या खोलीत तर गणितच उलटतं. तिथे 45 अंशांची, काठोकाठ बाष्प भरलेली हवा आपल्या 36 अंशांच्या कातडीवर येऊन पाणी होते, आणि घामाने जी उष्णता बाहेर न्यायची तीच अंगात ओतते. म्हणून ‘फक्त 45 डिग्री आहे हो’ असं कुणी सांगितलं, तर आधी विचारावं, कोरडी की ओली?

ही नुसती पुस्तकी चौकशी नाही. फिनलंडमधल्या हेइनोला गावी सौनात कोण जास्त वेळ बसतो याची जागतिक स्पर्धा भरायची. 2010 च्या अंतिम फेरीत खोली 110 अंशांवर, आणि दर अर्ध्या मिनिटाला तापल्या दगडांवर अर्धा लिटर पाणी. दोघे अंतिम स्पर्धक भाजले, त्यांतला एक दगावला. स्पर्धा कायमची बंद झाली.

पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी-मांद्रे-हरमलच्या पट्ट्यात, रशियन पाहुण्यांच्या मागोमाग त्यांचं बाष्पस्नान आलं. आयुर्वेद केंद्रांत डोकं तेवढं बाहेर ठेवणारी स्वेदनाची पेटी आहेच. मला वाटतं, यांतल्या कुठल्याही ठिकाणी पाऊल टाकण्याआधी चरकसंहितेतला जेन्ताक स्वेद माहीत असावा. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात घाम काढण्याचे तेरा प्रकार आहेत आणि त्यांतला हा म्हणजे चक्क सार्वजनिक सौनाचा नकाशा! जलाशयाच्या काठी, उतरायला चांगला घाट असेल अशी जागा निवडायची. (कारापूरजवळच्या विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला नौका सोडतात तो काठ चरकाच्या वैद्याने नक्की हेरला असता.) तिथे 16 अरत्नी, म्हणजे साधारण तितकेच हात रुंद आणि उंच, मातीची गोल खोली, पुष्कळ झरोक्यांची. मधोमध भोकं पाडलेली मातीची भट्टी. भिंतीलगत हातभर उंच कट्टा, थेट दारापर्यंत फिरवलेला.

कट्टा दारापर्यंत का? घेरी आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी कट्टा सोडायचा नाही, अशी ताकीद आहे. सोडलास तर दार सापडणार नाही आणि जिवाला मुकशील. हलकं वाटलं की त्याच कट्ट्याच्या आधाराने दार गाठायचं. बाहेर पडताच गार पाण्यात शिरायचं नाही. थोडं थांबून कोमट पाण्याने न्हायचं. इतक्या शतकांपूर्वी कुणीतरी बेशुद्ध पडू लागलेल्या माणसाचा हात कुठे जाईल याचा विचार करून भिंत बांधली होती, हे वाचून मी थक्क झालो. आजच्या सौनात हेच पाहायचं. दार बाहेर उघडतं का, आतून कडी तर नाही ना, आणि डोळे मिटून तिथवर पोचता येईल का.

चरकाची आणखी एक अट आहे. लाकडं पुरती जळून धूर संपल्यावरच आत जायचं. पावसाळ्यात ओली लाकडं घातलेल्या न्हाणीत डोळे चोळत अंघोळ केलेल्यांना धुराची ओळख आहे. पण खरा घातकी वायू कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या याच्याच. लाकडावरचा सौना असेल तर झरोके शोधावेत. सजावट मागाहून पाहता येईल.

आता स्वच्छता. इथे गंमत अशी की सगळ्यात तापलेली जागा सगळ्यात कमी संशयाची. वरच्या बाकावरचं कोरडं, कढत लाकूड जंतूंना मानवत नाही. फिनलंडमध्ये एके काळी बायका बाळंत व्हायच्या त्या सौनातच, कारण घरात त्याहून स्वच्छ जागा नसे. पण उष्णता वर चढते, जमीन कोमटच राहते. दाराजवळचं पायपुसणं, शॉवरखालची फरशी, सामाईक चपला, हे बुरशीचं माहेर. तेव्हा नजर खाली ठेवावी. फरशी पायाला बुळबुळीत लागली, तर तो जंतूंनी स्वतःभोवती विणलेला थर आहे, आणि तो नुसत्या पाण्याने जात नाही. घासावाच लागतो.

त्याहून संशयास्पद म्हणजे शेजारचा जकूझी. लिजिओनेला नावाच्या जंतूला 25 ते 45 अंशांचं पाणी भारी आवडतं आणि तो तुषारांवर बसून फुफ्फुसात जातो. 1999 साली नेदरलँड्समध्ये बोव्हेनकार्स्पेलच्या पुष्पप्रदर्शनात जकूझी नुसता दाखवायला चालू ठेवला होता. कुणी आत उतरलंही नव्हतं. जवळून गेलेल्यांपैकी किमान 32 माणसं मेली.

जकूझीजवळ क्लोरीनचा उग्र दर्प आला तर ‘वा, काय स्वच्छता!’ म्हणू नये. तो वास बहुतेक वेळा क्लोरीन घाम-मूत्राशी भिडून तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो. नीट राखलेल्या पाण्याला जेमतेम वास येतो. जाण्याआधी फोनवर एवढंच विचारावं, क्लोरीन कधी तपासता, नोंदवही आहे का? नोंदवही आहे असं सहज उत्तर आलं तर बरं. पलीकडे शांतता पसरली, तर समुद्रावर फिरून यावं.

राहिला आपला स्वतःचा तपास. सोबत पंचा न्यावा आणि त्यावरच बसावं. उर्राक किंवा फेणी पोटात असताना मुळीच जाऊ नये. फिनलंडमधल्या सौनातल्या मृत्यूंमागे दारू वारंवार सापडते. चरकाची यादी तर फारच लांब आहे. गर्भवती, मधुमेही, दमलेला, तहानलेला, भुकेला, दारूने बाधलेला, यांना स्वेद नाही. त्याच यादीत रागावलेला आणि शोकात असलेलाही आहे. रिसेप्शनवर भरून घेतल्या जाणाऱ्या फॉर्मात रक्तदाबाचा रकाना असतो, पण ‘सध्या कुणावर चिडला आहात का?’ हा प्रश्न मी अजून पाहिलेला नाही.