बर्फ बाहेर, पाणी आत : जयंतीच्या पाणपोईसाठी घरची टाकी

मार्च संपत आला की वस्तीवस्तीत जयंतीच्या बैठका सुरू होतात. मंडप, रथ, निळे झेंडे, ढोल-ताशे, अन्नदान, सगळ्याची यादी होते. यादीच्या शेवटी कोणीतरी म्हणते, "पाण्याचे जार सांगा आणि बर्फाच्या दोन लाद्या सांगा." तेवढ्यावर पाण्याचा विषय संपतो. या महिन्याचे आरोग्य पान त्या शेवटच्या ओळीसाठी आहे.

जुईनगरमध्ये आम्ही काही भगिनी १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला पाणपोई चालवतो. एका वर्षी आम्ही सीलबंद जार मागवले होते. पाणी चांगले होते. पण दुपारी बर्फाची लादी आली ती गोणपाटात गुंडाळून, टेम्पोच्या तळावरून घसरत. मुलांनी ती फुटपाथवर ठेवून लोखंडी सळईने फोडली आणि तुकडे हातांनी उचलून थेट पिंपात टाकले. पिंपात गडू बुडवून लोक पाणी पीत होते. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या चार घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. महिन्याभराने एका मुलाचे डोळे पिवळे पडले. ते त्या पाण्यानेच झाले असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण पाण्याचा नमुना कोणी ठेवला नव्हता. पण बर्फ कुठून कसा आला आणि कुठे गेला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. पैसे देऊन आणलेले चांगले पाणी आम्ही आमच्याच हातांनी खराब केले होते.

बर्फाने जंतू मरत नाहीत

अनेकांना वाटते की एवढ्या गारठ्यात जंतू कसे जगतील? जगतात. खळखळून उकळी आली की जंतू मरतात, गोठल्यावर मात्र बरेचसे नुसते निपचित पडून राहतात. विषमज्वराचे म्हणजे टायफॉइडचे जंतू आणि कावीळ करणारा हिपॅटायटिस-ए विषाणू बर्फात टिकतात. बर्फ पाण्यात विरघळला की ते पाण्यात उतरतात. कावीळ लगेच दिसत नाही. विषाणू पोटात गेल्यापासून दोन ते सहा आठवड्यांनी ती उठते. म्हणून जयंतीचे पाणी आणि मे महिन्यातली कावीळ यांचा संबंध कोणाच्या लक्षातच येत नाही.

मासळी आणि माल टिकवण्यासाठी जो बर्फ बनतो तो पिण्यासाठी नसतो. त्यासाठी पिण्याचेच पाणी वापरले असेल याची खात्री नसते. हा फरक लोकांना कळावा म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने अशा बर्फात निळा रंग घालणे बंधनकारक केले. निळा रंग आपल्या जिव्हाळ्याचा, पण निळा बर्फ ग्लासात कधीही नको. आणि बर्फ पांढरा दिसतो एवढ्यावरून तो खाण्याचा आहे असेही समजू नका. कारखान्यात चांगला असलेला बर्फसुद्धा टेम्पो, गोणपाट आणि फुटपाथ करत आपल्यापर्यंत येतो.

मग गार पाणी हवेच कशाला?

हवे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात लाखो लोक बसले होते. त्या दिवशीच्या उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. खारघर आपल्याला किती जवळ! आपली जयंतीही त्याच उन्हात असते. मिरवणुकीत चालणारी आजी, लेझीम खेळणारी मुलगी, ढोल वाजवणारा पोरगा, सगळ्यांनी पोटभर पाणी प्यायला हवे. उन्हात तापलेल्या जारचे कोमट पाणी माणूस दोन घोट घेऊन ठेवून देतो. गारसर असेल तर ग्लास संपवतो.

माठ चांगलाच. पण माठातले पाणी गार होते ते बाहेरून पाझरलेले पाणी हवेत उडून गेल्यामुळे. विदर्भाच्या कोरड्या हवेत ते झरझर उडते. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यामुळे माठ तेवढा गार होत नाही. शिवाय हजार माणसांना माठ पुरत नाही. म्हणून बर्फ लागतो. प्रश्न फक्त एवढाच की तो कुठे ठेवायचा.

आशाताईंच्या डब्यातला धडा

आशाताई किंवा सिस्टर लसीकरणाला येतात तेव्हा त्यांच्या खांद्यावरचा डबा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्यात चार बाजूंना बर्फाच्या बंद पट्ट्या असतात आणि मधे लस. बर्फाचे पाणी लसीच्या कुपीत जात नाही, पण गारवा पोचतो. नर्सिंगच्या नोकरीत हा डबा आम्ही वर्षानुवर्षे वाहिला. आणि पाणपोईवर मात्र बर्फ पिंपात टाकत राहिलो! पुढच्या वर्षी आम्ही तीच रीत पाण्याला लावली. पिंपात पिंप ठेवायचे. आतल्यात पाणी, बाहेरच्यात बर्फ.

टाकी कशी बनवायची

आत : तोटी बसवलेली, झाकणाची स्टीलची टाकी. २० ते २५ लिटरची, साधारण ३० सेंटिमीटर रुंद.

बाहेर : प्लास्टिकचे पिंप, साधारण ४५ सेंटिमीटर रुंद. म्हणजे चारही बाजूंनी सात-आठ सेंटिमीटर जागा बर्फासाठी सुटते. रसायनाचे जुने पिंप कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

आतली टाकी एका जाड फळीवर ठेवा. तिचा काठ बाहेरच्या पिंपाच्या काठापेक्षा चार बोटे वर आला पाहिजे आणि झाकण काठावरून खाली उतरणारे हवे. बर्फ टाकताना उडालेला थेंबही आत जाता कामा नये.

टाकीची तोटी काढून तिथे लांब निपल लावायचा, तो बाहेरच्या पिंपाच्या भोकातून पुढे आणायचा आणि टोकाला तोटी बसवायची. दोन्ही ठिकाणी आतून-बाहेरून रबरी वायसर हवेत. वस्तीतला कोणताही प्लंबर हे काम करून देतो.

वितळलेले पाणी जायला बाहेरच्या पिंपाला वेगळे भोक हवे, फळीच्या वर चार बोटांवर. त्याला पाइप लावून पाणी बादलीत घ्या. हे भोक विसरू नका. आमची पहिली टाकी याच चुकीने बिघडली. बाहेर पाणी साचत गेले, आतली टाकी रिकामी होत आली तशी हलकी होऊन तरंगू लागली आणि तोटीचा सांधा हलला. तेव्हापासून आम्ही आत एक तृतीयांश पाणी उरले की नवा जार ओततो. बादलीतले पाणी फक्त रस्त्यावर शिंपडायला वापरायचे.

पिंपाभोवती थर्माकोल किंवा जुनी गोधडी गुंडाळा आणि टाकी सावलीत ठेवा. बर्फ दुपटीने टिकला नाही तरी बराच वाचतो.

वापरण्याआधी एक परीक्षा घ्या. आतली टाकी कोरडी पुसून, वर वजन ठेवून, बाहेरच्या पिंपात भोकापर्यंत पाणी भरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी आत एक थेंब जरी दिसला तरी सांधा पुन्हा करून घ्या.

कोणी म्हणतील, यापेक्षा बर्फात नळीचे वेटोळे ठेवून त्यातून पाणी सोडले तर लवकर गार होईल. होईल. सरबत-शीतपेयांच्या यंत्रांत तसे असते. पण वेटोळ्याच्या आत हात जात नाही, घासता येत नाही. वस्तीच्या वापरासाठी आमचा नियम साधा आहे : जे घासता येत नाही त्यातून प्यायचे नाही.

बर्फ किती लागेल?

एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. २० लिटर पाणी ३२ अंशांवरून १७ अंशांवर आणायला ३०० किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे पावणेचार किलो बर्फ. बाहेरच्या उन्हात जाणारा धरून जारमागे सहा किलो समजा. पहिला जार मिरवणूक येण्याच्या निदान तासभर आधी ओता. स्टीलमधून गारवा पोचायला वेळ लागतो. घाई म्हणून बर्फात मीठ घालू नका. १७ अंशांच्या पाण्याला त्याची गरज नाही आणि स्टीलची टाकी मात्र गंजते.

पाणी, हात आणि तोटी

जार घेताना सील शाबूत आहे का, १४ आकड्यांचा एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि भरल्याची तारीख आहे का, हे पाहा. झाकण नुसते फिरवून उघडणारे थंड पाण्याचे जार मिळतात, त्यांवर सील नसते. ते कुठे आणि कधी भरले हे कळायला मार्ग नाही. विकतचेच पाणी हवे असेही नाही. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येते. ते बिघडते बहुधा आपल्या साठवणीत. स्वच्छ भांड्यात भरून, क्लोरीनचे थेंब किंवा गोळी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घालून अर्धा तास ठेवले तर तेही चालेल.

जार ओतण्याआधी त्याचे तोंड आणि मान स्वच्छ ओल्या फडक्याने पुसा. बर्फ हाताळणारी व्यक्ती वेगळी आणि पाणी ओतणारी वेगळी ठेवा. टाकीत गडू, ग्लास, हात काहीही जाता कामा नये. तोटी दर तासाला साबणाच्या पाण्याने पुसा.

आदल्या दिवशी टाकी घासून, चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा साधे, वास नसलेले ब्लीच घालून ते टाकीत सगळीकडे लावा, थोडे तोटीतूनही सोडा. दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवा. कार्यक्रम संपल्यावर टाकी उपडी करून पूर्ण वाळवूनच ठेवा.

छोट्या बाटल्या वाटणार असाल तर त्या बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. झाकणाच्या खाचेत ते पाणी अडकते आणि बाटली उघडताच तोंडात जाते. बाटल्या उभ्या ठेवा, मान पाण्याच्या वर राहू द्या आणि देताना तोंड पुसून द्या.

त्याच बर्फाने जीवही वाचतो

कोणी उन्हात बरळू लागले, अंग भट्टीसारखे तापले, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजा. लगेच १०८ ला फोन करा. माणसाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. बाहेरच्या पिंपातला बर्फ फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, ठसका लागून जीव जाईल. नुसता थकवा, चक्कर, पायात गोळे असतील आणि माणूस शुद्धीवर असेल तर ओआरएस द्या. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, त्याहून कमी पाण्यात नाही.

तोटी ज्याच्या त्याच्या हातात

शाळेत असताना बाबासाहेबांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळीने पाणी घेतले ते माणूस म्हणून बरोबरीच्या हक्कासाठी. आमच्या पाणपोईवर कोणी वरून पाणी ओतत नाही. येणारा स्वतः तोटी सोडतो, पितो, पुढे जातो. मिरवणूक पाहायला थांबलेला रिक्षावाला, भाजीवाली, पोलीस, कोणीही असो.

पाण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला आहे. ते पाणी आपल्याच पाणपोईवर कोणाला आजारी पाडू नये एवढी काळजी आपल्या हातात आहे. या वर्षीच्या बैठकीत पाण्याची ओळ यादीच्या शेवटी नको, पहिली घ्या. दोन पिंपे, एक तोटी, चार वायसर आणि एक फळी. महिला मंडळाने एका रविवारी बसून केले तर टाकी उभी राहते आणि पुढची अनेक वर्षे विहारात कामाला येते.

जय भीम. नमो बुद्धाय.