शिकवणीचा शिक्षक कसा निवडावा?

गोरेगांव म्हटलें कीं पुष्कळांस मुंबईचें उपनगर आठवतें. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील गोरेगांव निराळें. येथें मूल दहावी उतरून विज्ञानशाखेकडे वळलें, म्हणजे थोड्याच दिवसांत घरांत प्रश्न निघतो : रसायन आणि गणित यांची शिकवणी कोणाकडे लावावी? शेजारी एक नांव सांगतो, मामा हिंगोलीचा वर्ग सुचवितो, आणि कोणी नांदेडास खोली घेऊन राहण्याचा सल्ला देतो. सल्ल्यागणिक खर्च वाढत जातो. मूल नेमकें कोठें अडतें, हें कोणी विचारीत नाहीं.

हा शोध घरींच घेतां येतो. मुलास अर्धा आणि एकतृतीयांश यांची बेरीज करण्यास सांगावें. पांचषष्ठांश असें उत्तर न येतां दोनपंचमांश आलें, तर वर्गसमीकरणांचा शिक्षक शोधण्यांत अर्थ नाहीं. दुखणें सहावीच्या अपूर्णांकांत आहे. रसायनांतही तेंच. मॅग्नेशियमची संयुजा दोन व क्लोरिनची एक, म्हणून मॅग्नेशियम क्लोराइडमध्यें क्लोरिनचे दोन अणु हवेत, हें ज्यास उमगलें नाहीं, तो पुढची सारी समीकरणें कवितेप्रमाणें पाठ करतो, आणि एक अक्षर विसरलें कीं सगळीच कविता विसरतो. अशा मुलास नवा धडा पढविणारा नको, दोन इयत्ता मागें नेणारा शिक्षक हवा.

मराठी शाळेंतून आलेल्या मुलापुढें आणखी एक अडचण असते. दहावीपर्यंत रसायन हा विज्ञानाचाच एक भाग असतो. अकरावीस तो स्वतंत्र विषय होतो, आणि बहुधा इंग्रजींतून. कालची संयुजा आज ‘व्हॅलन्सी’ होते, आम्लारीचें ‘बेस’ होतें, द्रावणाचें ‘सोल्यूशन’. वस्तु ओळखीची, नांव परकें. मूल गप्प बसतें, आणि घरचे समजतात कीं त्याचें डोकें चालत नाहीं. मराठवाड्यास हा अनुभव नवा नाहीं. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें गणित व विज्ञान उर्दूंतून शिकविलें, त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें उभारलें. मराठी घरांतील मुलास मात्र तेव्हांही आपल्या भाषेचा उंबरठा ओलांडूनच गणितापर्यंत जावें लागे. म्हणून गोरेगांवच्या पालकांनीं शिक्षकाच्या पदवीइतकीच ही गोष्ट पारखावी कीं त्याला दोन्ही नांवें येतात काय, आणि मूल मराठींत चुकलें तर तो मराठींत समजावतो काय. गांवांतच राहणारा एखादा विज्ञानाचा पदवीधर या कामीं शहरांतील नामांकित वर्गापेक्षां पुष्कळदां सरस ठरतो. शंभर मुलांच्या वर्गांत लाजऱ्या मुलीचा प्रश्न विचारलाच जात नाहीं. बसच्या प्रवासांत जाणारे तास वांचतात, हा लाभ वेगळाच.

पारख कशी करावी? पहिले आठ दिवस नमुन्यादाखल ठरवावे आणि एकदां पलीकडच्या खोलींत बसून ऐकावें. सारा वेळ शिक्षकाचाच आवाज येत असेल, तर मूल शिकत नाहीं, ऐकतें. चांगला शिक्षक उदाहरण मुलाकडून सोडवून घेतो, चुकल्यास लगेच उत्तर न सांगतां कोणत्या पायरीवर पाय घसरला तें त्यालाच शोधावयास लावतो. फी, दिवस आणि सुट्ट्या आधींच बोलून घ्याव्या. संकोचानें न बोललेल्या गोष्टीच पुढें कटु होतात.

लहान इयत्तांसाठीं शाळेतल्याच गुरुजींना संध्याकाळीं घरीं बोलावण्याचा मोह होतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं असलेल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमानें शिक्षकांस खाजगी शिकवणीची मनाई केली आहे. त्यांना पेचांत पाडूं नये. मोठ्या वर्गांसाठीं केंद्र सरकारनें जानेवारी २०२४ मध्यें मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलास घेऊं नये, शिक्षक किमान पदवीधर असावा, गुणांची हमी देऊं नये, आणि मूल मध्येंच सोडून गेलें तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असें त्यांत म्हटलें आहे. वर्षाची फी एकदम मागणाऱ्यापुढें हें शांतपणें बोलून दाखवावें आणि पावती घ्यावी.

बारावीच्या रसायनांत शंभरांपैकीं तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि ब्युरेटची तोटी सोडण्याची संवय शिकवणीच्या ओसरीवर लागत नाहीं. त्यासाठीं महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंतील तास चुकवूं नयेत. तरीही घरीं कांहींच होत नाहीं असें नव्हे. हळदीचा तर हा जिल्हाच. ओसरीवरचा जाणता शिक्षक चिमूटभर हळद पाण्यांत कालवून त्यांत चुन्याची निवळी घालील. पिवळें पाणी तांबडें होईल. मग लिंबू पिळावयाचें काम मुलाच्या हातीं देईल, आणि रंग पुन्हा पिवळा कां झाला, असें विचारून उत्तराची वाट पाहात बसेल.