समुद्राला सातबारा नाही

तिमोर समुद्राच्या काठी रोटे नावाचे इंडोनेशियाचे एक लहान बेट आहे. तेथील लोक समुद्रात शेती करतात, आणि हे विधान शब्दशः खरे आहे. ओहोटीला उथळ पाण्यात खुंट ठोकायचे, त्यांच्यामध्ये दोर ताणायचे, त्या दोरांना थोड्याथोड्या अंतरावर समुद्रशैवालाच्या कोवळ्या फांद्या बांधायच्या, लाटांनी सुटलेल्या फांद्या पुन्हा बांधायच्या, आणि सुमारे दीड महिन्याने वाढलेले पीक काढून, उन्हात वाळवून, पोत्यांत भरून व्यापाऱ्याच्या स्वाधीन करायचे, असा हा उद्यम. आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत अनेक पदार्थांना दाटपणा आणणारे कॅराजीनन याच शैवालापासून निघते. पाऊस अल्प आणि जमीन कोरडी अशा त्या प्रदेशात मुलांचे शिक्षण, घराची डागडुजी, लग्नकार्य, सारे या दोरांवर अवलंबून होते.

२१ ऑगस्ट २००९ रोजी या बेटापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील माँटारा तेलक्षेत्रात, एका विहिरीचे तोंड फुटले. ती विहीर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तात्पुरती बंद करण्यात आली होती; परंतु तळाशी नळाभोवती ओतलेले सिमेंट नीट बसले नव्हते, आणि वर जी दाबरोधक झाकणे बसवायची त्यांपैकी एक बसवलेच नव्हते, असे पुढे चौकशी आयोगापुढे निष्पन्न झाले. वेस्ट अॅटलस या रिगवरील ६९ माणसे सुखरूप बाहेर पडली, ही त्या दिवसाची एकमेव समाधानाची गोष्ट. तेल मात्र वाहत राहिले. शेजारून दुसरी विहीर खणून, तिच्यातून जड चिखल आत सोडून हे भगदाड बुजवण्याचे चार प्रयत्न फसले, मध्येच रिगने पेट घेतला, आणि ३ नोव्हेंबरला पाचव्या प्रयत्नात तो प्रवाह थांबला. एकूण ७४ दिवस.

समुद्रात सांडलेल्या तेलाचे काय होते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे मला वाटते, कारण डोळ्यांना दिसणारा काळा तवंग हा अनर्थाचा केवळ प्रथमाध्याय असतो. तेलातला हलका भाग एकदोन दिवसांत हवेत उडून जातो. उरलेला जड भाग लाटांनी घुसळला जाऊन स्वतःत पाणी मुरवून घेतो आणि मूळ आकारमानाच्या तिप्पट-चौपट फुगून तांबूस, चिकट लगदा बनतो. त्यावर विमानांतून रसायने फवारली जातात, तेव्हा तेल नाहीसे होते असा सामान्य समज आहे. वस्तुतः त्याचे सूक्ष्म थेंब होऊन ते पृष्ठभागावरून खालच्या पाण्यात उतरते, म्हणजे पक्ष्यांवरचे संकट टळून ते माशांच्या अंड्यांवर आणि पिल्लांवर जाते. अखेरीस जे उरते ते डांबराचे गोळे होऊन वाळूत येते. वाळू साफ करता येते. खाडीतला चिखल साफ करता येत नाही, कारण त्यात प्राणवायू पोहोचत नाही आणि म्हणून तेल कुजवणारे जीवाणूही तेथे आपले काम नीट करू शकत नाहीत. तिवरांची श्वासमुळे चिखलातून वर डोके काढून श्वास घेतात. त्यांवर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरते, आणि त्या मुळांच्या आश्रयाने वाढणारी कोळंबी, खेकडे, निवट्या यांचा आसरा त्याच्याबरोबर जातो. मासा निदान पळून जाऊ शकतो, शिवाय पोटात गेलेल्या तेलाचा बराचसा निचरा त्याचे यकृत करते. कालवे आणि शिंपल्या यांना दोन्ही सोयी नाहीत. त्या जागच्या जागी पाणी गाळून जगतात आणि पाण्यातले विष अंगात साठवत राहतात. कालवे आणि शिंपल्या वेचणाऱ्यांत बायकाच अधिक, आणि त्यातही ज्यांच्या घरी होडी नाही अशा. तेव्हा तेलाचा पहिला आणि दीर्घकाळ टिकणारा घाव कोणावर बसतो हे निराळे सांगावयास नको.

रोटेच्या शेतकऱ्यांनी सप्टेंबरमध्ये पाण्यावर मेणचट गठ्ठे तरंगताना पाहिले. काही दिवसांत दोरांवरचे शैवाल पांढरे पडून गळून गेले, आणि पुढची लागवड ज्यातून करायची ते बियाणेही त्यातच नष्ट झाले. नव्याने लावलेले पीक अनेक गावांत कित्येक वर्षे पूर्वीसारखे धरले नाही.

येथून पुढची कथा मला तेलाइतकीच महत्त्वाची वाटते. तेल आमच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले, त्याने आमचे पीक मारले आणि आमचे उत्पन्न पूर्वी अमुक होते, या तीन गोष्टी सिद्ध करण्याची जबाबदारी त्या शेतकऱ्यांवर आली. आणि त्या वेळी इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर पाण्याचे पद्धतशीर नमुने कोणी घेतले नव्हते, शेतकऱ्यांच्या व्यवहाराची लेखी नोंदही फारशी नव्हती. तेलकंपनीला ऑस्ट्रेलियात सुरक्षिततेचे नियम मोडल्याबद्दल २०१२ साली ५ लाख १० हजार डॉलर दंड झाला, परंतु त्यातला एक छदामही रोटेला मिळणार नव्हता. २०१६ साली १५ हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या वतीने सिडनीच्या फेडरल न्यायालयात दावा दाखल झाला. गावोगावच्या शेतकऱ्यांचे जबाब, प्रवाहांचे गणित, उपग्रहांची छायाचित्रे अशा पुराव्यावर मार्च २०२१ मध्ये न्यायमूर्ती डेव्हिड येट्स यांनी कंपनीचा निष्काळजीपणा आणि तेलाने झालेले नुकसान दोन्ही मान्य केले, आणि मुख्य वादीला सुमारे २५ कोटी ३० लाख इंडोनेशियन रुपिया, म्हणजे अदमासे साडेबावीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, देण्याचा हुकूम केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी मिळून १९ कोटी २५ लाख डॉलरची तडजोड झाली. पीक बुडाल्यापासून तोवर तेरा वर्षे लोटली होती.

इतका विलंब का लागावा, याचे एक कारण कायद्यातच आहे. १९६७ साली इंग्लंडच्या किनाऱ्यानजीक टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज फुटले, तेव्हा जगातील राष्ट्रांनी एकत्र येऊन १९६९ साली असा करार केला की जहाजातून तेल सांडल्यास, चूक सिद्ध होवो वा न होवो, भरपाईची जबाबदारी जहाजमालकाची. समुद्रतळाच्या विहिरीतून सांडणाऱ्या तेलासाठी मात्र असा जागतिक करार आजतागायत झालेला नाही. ज्याच्या हद्दीत विहीर, त्याचा कायदा; आणि तेल हद्द ओलांडून शेजाऱ्याकडे गेले तर शेजाऱ्याने परक्या मुलखातल्या न्यायालयाचे दार ठोठावावे आणि तेथे चूक सिद्ध करून दाखवावी. ही व्यवस्था अन्यायाची आहे.

आपल्या कोकणाला हा विषय दूरचा नाही. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली सागरसम्राट या रिगने तेल शोधले आणि पुढे समुद्रतळावरील नळांतून ते उरणला येऊ लागले. १९९३ च्या मे महिन्यात असाच एक नळ फुटून तेल मुरूडच्या किनाऱ्यापर्यंत आले होते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ ही जहाजे आदळली आणि सुमारे ८०० टन इंधनतेल सांडले. पावसाळी मासेमारीबंदी संपत आली होती, नारळी पुनवेला अवघे अडीच आठवडे उरले होते, कर्ज काढून जाळी आणि होड्या दुरुस्त करून नाखवा-खलाशी तयारीत होते. आणि नेमक्या त्याच वेळी उरण-अलिबागकडील तिवरे काळी पडली आणि मासे खाऊ नका अशी सूचना निघाली. अशा सूचनेनंतर खोल समुद्रातून आणलेल्या स्वच्छ मासळीकडेही गिऱ्हाईक संशयाने पाहते, आणि टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या कोळणीचे नुकसान कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

गारपिटीने शेत झोडपले तर तलाठी येतो, सातबारा पाहतो, पीक लिहितो आणि पंचनामा करतो. त्यात शंभर उणिवा असतील, पण निदान कागद असतो. कोळ्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची, परंतु तिचा उतारा कोणत्याच दप्तरात मिळत नाही. कोणत्या ठिकाणी कोणाची डोल-जाळी लागते, कोणत्या खडकावर कोण कालवे काढते, वलांडीवर एका हंगामात किती बोंबील वाळतात, हे गावात सर्वांना ठाऊक असते आणि सरकारदरबारी कोणालाच ठाऊक नसते. डिझेलच्या सवलतीमुळे यांत्रिक होड्यांची काही नोंद सहकारी संस्थांकडे असते. खाडीत पायी उतरणाऱ्या बाईची ती मुळीच नसते, आणि तेल आल्यानंतर ती नोंद करू गेले तर समोरचा वकील ती बनावट ठरवतो.

म्हणून कोकणातल्या मच्छीमार सहकारी संस्थांना आणि मत्स्यव्यवसाय खात्याला माझी आग्रहाची विनंती आहे. संकट येण्यापूर्वीच, येत्या हंगामापासून, प्रत्येक कोळीवाड्यात एक खातेवही उघडावी. तीत होडीवाल्यांबरोबर कालवे-शिंपल्या वेचणाऱ्या, मासळी वाळवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांची नावे, त्यांची जागा आणि त्यांची सरासरी प्राप्ती लिहावी. खाडीच्या पाण्याचे व चिखलाचे नमुने वर्षातून एकदा तपासून त्यांचा अहवाल त्याच दप्तरात ठेवावा. आणि त्या वहीवर तलाठ्याची किंवा मत्स्य अधिकाऱ्याची सही घ्यावी. या कामासाठी नवा कायदा लागत नाही.