केसांची गोळी सुरू करण्यापूर्वी

तिशीच्या आत कपाळ मागे सरकू लागले, भांगाची रेघ रुंद दिसू लागली की तरुणांची झोप उडते. त्यातून लग्नाची बोलणी सुरू असतील तर विचारायलाच नको. मग कुणा मित्राच्या सांगण्यावरून फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी सुरू होते. गोळी इवलीशी असली तरी ती केसांवर नव्हे, संप्रेरकांवर काम करते.

या औषधाची गोष्ट कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिक देशात सुरू झाली. तिथल्या सालिनास गावात काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषी लक्षणे प्रकटत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ले आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये त्याचे कारण सांगितले. टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डीएचटी या अधिक प्रभावी संप्रेरकात करणारे विकर या मुलांमध्ये कमी होते. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहत असे आणि त्यांना टक्कल पडत नसे. औषध शोधणाऱ्यांना यातूनच धागा मिळाला. मर्क कंपनीचे फिनास्टेराइड अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटच्या वाढीसाठी ५ मिलिग्रॅममध्ये आले आणि १९९७ मध्ये टकलासाठी १ मिलिग्रॅममध्ये.

ते काम करते, हे मान्य करायला हवे. रक्तातील डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी घटते आणि बहुतेकांची गळती थांबते. मात्र फरक दिसायला किमान तीन महिने लागतात आणि गोळी बंद केली की वर्षभरात कमावलेले केस जातात. म्हणजे ही वर्षानुवर्षांची बांधिलकी आहे.

सुरुवातीच्या चाचण्यांत कामेच्छा घटणे, ताठरता कमी होणे अशा तक्रारी गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के होत्या आणि बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के. बहुतेकांचा त्रास औषध थांबवल्यावर गेला. काहींचा मात्र गेला नाही. औषध सोडल्यानंतरही राहणाऱ्या लैंगिक तक्रारींचा उल्लेख अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये माहितीपत्रकात वाढवायला लावला. असे का होते, यावर एकमत नाही. इटलीतील २००७ च्या एका अभ्यासात प्रोस्टेटच्या रुग्णांपैकी ज्यांना दुष्परिणाम आधी सांगितले गेले, त्यांच्यापैकी ४३.६ टक्क्यांनी लैंगिक तक्रार केली. न सांगितलेल्यांत हे प्रमाण १५.३ टक्के होते. भीतीही शरीरावर काम करते, एवढे यातून दिसते. पण म्हणून प्रत्येक तक्रार मनाचा खेळ ठरवून रुग्णाला वाटेला लावणे बरोबर नाही.

मनाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने मे २०२५ मध्ये मान्य केले. बहुतेक नोंदी केसांसाठी १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या होत्या. हे किती वेळा घडते, ते सांगता आलेले नाही आणि औषधाचे फायदे धोक्यांपेक्षा अधिक असल्याचेही समितीने म्हटले. केसांसाठी गोळी घेताना मन उदास राहू लागले किंवा असे विचार येऊ लागले, तर गोळी तिथेच थांबवून डॉक्टरांना गाठायचे. पूर्वी नैराश्य येऊन गेले असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगायला हवे. त्वचारोगतज्ज्ञाकडे केसांसाठी जाताना हे सांगायचे असते, हेच अनेकांना ठाऊक नसते.

गोळीऐवजी डोक्याला लावायचा फवारा निर्धोक, असेही समजू नये. औषध त्वचेतून रक्तात उतरते. अमेरिकेत मंजुरीविना बनवून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अशा मिश्रणांबद्दल २०१९ ते २०२४ या काळात ३२ तक्रारी नोंदवल्या गेल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या प्रशासनाने सावध केले.

घरात कोणी गर्भवती असेल तर फुटलेल्या किंवा चुरा झालेल्या गोळीला तिने हात लावू नये. पोटातला गर्भ मुलाचा असल्यास त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो. आणि चाळिशी-पन्नाशीपर्यंत गोळी चालू राहिली, तर प्रोस्टेटसाठी होणाऱ्या पीएसए तपासणीत आकडा जवळपास निम्मा दिसतो. रक्त देताना गोळीचे नाव सांगितले नाही, तर डॉक्टर त्या आकड्यावर निर्धास्त होतात.