विवाहपूर्व रक्तचाचणी ते जनुकसंपादन

कुटुंब, जनुके आणि जागतिक सत्ताकारण ही सामग्री विज्ञान कादंबरीची वाटते. तबूकमध्ये विवाह ठरवणाऱ्या सौदी कुटुंबाला मात्र तिची ओळख आरोग्य केंद्रातच होते. सिकलसेल आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारांची विवाहपूर्व चाचणी सौदी अरेबियात २००४ पासून सक्तीची आहे. वधूवर दोघेही एकाच विकाराचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. तरीही शासन विवाहास मनाई करत नाही. चाचणी सक्तीची, निर्णय कुटुंबाचा.

जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटन-अमेरिकेपाठोपाठ सौदी अरेबियानेही ‘कॅसजेव्ही’ या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच रक्तमूळपेशींमधील बीसीएल११ए जनुकाचा अंकुश सैल केला जातो आणि जन्मानंतर मंदावलेली गर्भकालीन हिमोग्लोबिनची निर्मिती पुन्हा वाढते. हा बदल पुढील पिढीत उतरत नाही. २०१८ मध्ये चीनमध्ये हे जियानक्वी यांनी थेट भ्रूणांत केलेला बदल मात्र वंशपरंपरेने उतरू शकतो. म्हणूनच त्यावर जगभर टीकेची झोड उठली.

अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत २२ लाख डॉलर आहे. हाच सिकलसेल गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर आणि विदर्भातील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. भारताने जुलै २०२३ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय अभियानाचा भर तपासणी आणि समुपदेशनावर आहे. उपचार कोणाच्या आवाक्यात येईल, हे अर्थकारण ठरवील. पण आपण वाहक आहोत का, हे साध्या रक्तचाचणीने आजच कळू शकते. परदेशात मुलांची लग्ने ठरवणाऱ्या मराठी कुटुंबांनी पत्रिकेआधी तो अहवाल पाहावा.