साताऱ्यातला ‘देवाचा दरबार’
सातारा शहरात कवी नारायण वामन टिळक १९१७ साली राहायला आले आणि बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, घेतलेल्या व न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांचे ‘देवाचा दरबार’ हे बंधुमंडळ त्यांनी उभारले. १८९५ मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतल्यावर आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या; तरी ढळली नाही ती श्रद्धा त्यांच्या लेखणीतून वारकऱ्यांच्या अभंगछंदात, टाळाच्या ठेक्यावर गाता येईल अशा मराठीत उतरली, आणि हीच त्यांची सर्वांत मोलाची देणगी मानावी लागेल. १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य पुढे शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.