जेवणाचे ताट आणि सोबतचे पेय

मधुमेहाच्या रुग्णास पथ्य सांगताना ‘काय खाता?’ हे आवर्जून विचारले जाते. ‘त्यासोबत काय पिता?’ हा प्रश्न मात्र पुष्कळदा राहून जातो. वास्तविक ताटात अन्न किती आहे, यावर पेल्यात काय येणार हे बऱ्याच अंशी ठरते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे व चाकण परिसरातील श्रमिक कुटुंबांच्या आरोग्याशी या गोष्टीचा निकटचा संबंध असल्याने तिचा येथे विचार करीत आहोत.

मनुष्य दिवसभरातील पाण्याचा व पेयांचा मोठा भाग खाण्याच्या वेळीच घेतो, आणि खाणे वाढले की पिणेही वाढते. पोळी-भाजी, वरण-भात, कोशिंबीर असे पुरेसे जेवण असेल, तर भूक अन्नानेच भागते. पेयाने फक्त तहान भागवायची असते. त्यासाठी पाणी किंवा ताक पुरते. खाणे अपुरे असेल, तर तरतरी आणि पोटाला आधार या दोन्हींची अपेक्षा पेयाकडून केली जाते. अशा वेळी हात साहजिकच गोड चहाकडे किंवा शीतपेयाकडे वळतो.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात हा फरक स्पष्ट दिसतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात २५० पेक्षा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद होती. त्यामुळे मोठ्या कारखान्यांत पाळीच्या मध्यंतरात ताटभर जेवण मिळण्याची पद्धत रुजली. लहान वर्कशॉपमधील कामगाराला मात्र डबा नसल्यास टपरीवरील वडापाव आणि चहा यांवरच भागवावे लागते. खोली भाड्याने घेऊन एकटे राहणारे अनेक तरुण पहिल्या पाळीला उपाशीपोटीच निघतात.

चहाच्या एका कपात दोन चमचे साखर घातली, तर ती सुमारे ८ ते १० ग्रॅम होते. चार कपांत ३२ ते ४० ग्रॅम. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या एकाच बाटलीत ३० ग्रॅमहून अधिक साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार २,००० कॅलरींच्या आहारात अशी साखर ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. शिवाय पेयातील साखरेने पोट भरल्याची जाणीव कमी होते. त्यामुळे पुढचे जेवण त्या प्रमाणात कमी होत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज मांडण्यात आला, हे लक्षात घेता ही बाब किरकोळ राहत नाही.

मोठे जेवण नेहमीच हितकारक असते, असेही नाही. तळलेल्या, खारट पदार्थांनी तहान वाढते, आणि अशा जेवणासोबत शीतपेय एकाच किमतीत मिळत असेल तर तेही मोठेच घेतले जाते. जेवल्याबरोबर चहा घेतल्यास धान्य-भाज्यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांनी जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. जेवणात लिंबू पिळून घेणे उपयुक्त ठरते.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची विनंती अशी : ‘गोड पिऊ नका’ एवढेच सांगून थांबू नये. पाळीला निघण्यापूर्वी दोन पोळ्या, मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे आणि पाण्याची बाटली सोबत द्यावी. साखर व मीठ न घातलेले ताकही चालेल. मूत्रपिंड अथवा हृदयाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आमच्या देणगीदारांत व विश्वस्तांत जे उद्योजक आहेत, त्यांनी आपल्या वर्कशॉपमध्ये स्वच्छ, थंड पाणी आणि कंत्राटी कामगारांसह सर्वांना बसून जेवण्यापुरती सवड व जागा उपलब्ध करून द्यावी. रुग्णालयाच्या पायरीपर्यंत येणारे काही आजार तेथेच थोपवता येतील.